जीप रुतली तर

तुम्ही म्हणाल, जीपची दुरुस्ती हा काय आपला विषय? पण अंजनगाव सुर्जीच्या काळ्या मातीत पाऊस झाला, की तो आपलाच होतो बाई! आमची जुनी महिंद्रा जीप मागे गादी, स्टोव्ह अन् पाण्याची कळशी घेऊन चिखलदऱ्याला जाते. चारही चाकांना जोर, तरी शेतवाटेवर रुततेच.

रुतली की पुरुषमंडळी रेस वाढवतात. चाक जागीच फिरते, आणखी खोल जाते. त्यापेक्षा चाकापुढची माती खरडा, पऱ्हाट्या किंवा गोणपाट घाला, अन् लो गिअरमध्ये हळूच काढायला सांगा.

ट्रॅक्टर आणलाच, तर दोर चेसिसच्या हुकाला बांधा, बंपरला नव्हे. ताणलेला दोर तुटला, तर माणूस जायचा. म्हणून दोराच्या मधोमध ओले पोते टाका; उसळी कमी होते. आणि मुलांना आधी दूर न्या, दोराच्या लांबीहूनही दूर. गंमत बघायला गर्दी जमतेच. मी तर सरळ ओरडते.

घरी आल्यावर ब्रेक तपासून घ्या. गिअरबॉक्सचे तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले समजा. ते बदलल्याशिवाय परतवाड्यापुढचा घाट चढायचा नाही. मिस्त्री दोन दिवस लावतो, लावू द्या.