मलप्रभेच्या उगमाकडे

‘मलप्रभा नदी खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावते,’ हे वाक्य आम्ही भूगोलाच्या तासाला किती वेळा घोकले असेल, त्याची गणती नाही. परंतु घोकलेले स्थळ प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे अशी इच्छा मात्र दहावीच्या वर्षापर्यंत झाली नव्हती. ती झाली, याचे श्रेय आमच्या वर्गमित्राला आहे. त्याची मावशी कणकुंबीस राहते. दिवाळीच्या सुट्टीत सायकलीने तिच्याकडे जावे, एक रात्र मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी परतावे, असा बेत त्याने मांडला व आम्ही तो तत्काळ उचलून धरला. बेळगावपासून कणकुंबी सुमारे ४५ किलोमीटर! आईने अनुमती दिली ती एकाच अटीवर. ती म्हणाली, “रस्ता रानातला आहे. एकमेकांना सोडून जाऊ नका.” आम्ही मोठ्या तोंडाने वचन दिले.

येथे उभयतांच्या वाहनांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आमची सायकल नवी, रुंद टायरांची व एकवीस गिअरांची होती. मित्राची काळी सायकल त्याच्या वडिलांनी आपल्या दुरुस्तीच्या दुकानात जुने भाग जोडून तयार केली होती. तिला गिअर नव्हता. मागे एक लोखंडी कॅरियर आणि त्यावर बांधलेली अवजारांची एक कापडी पिशवी एवढाच तिचा थाट. ती पिशवी पाहून आम्ही मनातल्या मनात हसलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

पहाटे निघालो. पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून जांबोटीच्या वाटेला लागलो. किणये मागे पडले, भाताची कापलेली शेते मागे पडली आणि कुसमळीजवळ मलप्रभेचे प्रथम दर्शन झाले. पुलाखालून ती संथपणे वाहत होती. जिच्या उगमाकडे निघालो, तीच वाटेत सामोरी आली, याचे मोठे कौतुक वाटले. जांबोटीस चहा घेतला. पुढे खरे रान सुरू झाले. दोन्ही बाजूंना ऐन, किंजळ, हिरडा व जांभूळ यांची दाटी, खाली तांबडी माती आणि मधून वळणे घेत जाणारा रस्ता. या बाजूलाच भीमगड अभयारण्य आहे. ते २०११ साली घोषित झाले. परवानगीवाचून आत पाऊल टाकायचे नाही, अशी घरून ताकीद असल्यामुळे आम्ही रस्ता सोडला नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि कणकुंबी सुमारे ८०० मीटर. आकड्यांवरून वाटावे, चढ तो कितीसा! पण रस्ता चढतो, पुन्हा उतरतो आणि पुन्हा चढतो; कमावलेली उंची क्षणात गमवावी लागते. अशा एका लांबलचक चढावर मित्र मागे पडू लागला. आम्ही गिअर हलका केला आणि मागे वळूनही न पाहता पुढे गेलो. माथ्यावर पोहोचल्यावर विजयी मुद्रेने एका दगडावर बसलो. वाटले, आता येईल आणि आपली सायकल पाहून चकित होईल.

पाच मिनिटे गेली, पंधरा गेली. मित्राचा पत्ता नाही. रस्त्याकडेच्या ओल्या मातीत गव्याच्या खुरांचे ठसे दिसले आणि आमच्या छातीत धडकी भरली. तोपर्यंत ऐकू न आलेली रानाची शांतता एकाएकी ऐकू येऊ लागली. आईला दिलेले वचन आठवले. सायकल वळवली आणि त्याच उतारावरून भरधाव निघालो. एका वळणावर पुढचे चाक दगडावर आदळले, ‘फुस्स’ असा आवाज झाला आणि एकवीस गिअर जागच्या जागी निरुपयोगी ठरले.

सायकल हाताने ढकलत अर्धा तास उतरलो, तेव्हा एका ओढ्याकाठी मित्र दिसला. त्याच्या साखळीची कडी तुटली होती व तो ती शांतपणे जोडत होता. दोन्ही हात काळे झाले होते. आमच्याकडे पाहून त्याने, “कुठे होतास?” असे विचारले नाही. साखळी चढवली आणि पिशवी घेऊन आमच्या चाकाशी बसला. टायर काढून ट्यूबमध्ये हवा भरली, ती ओढ्याच्या पाण्यात बुडवली. एकमेकांशेजारून बुडबुड्यांच्या दोन माळा वर आल्या.

तो म्हणाला, “काटा नव्हे हा. काट्याचे भोक एक असते. ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली की अशी दोन पडतात. उतारावर एवढ्या घाईने का येत होतास?”

आम्ही उत्तर दिले नाही. त्यालाही ते कळले असावे. कारण तो किंचित हसला आणि काचपेपरने ट्यूब घासू लागला. सोल्यूशन लावून, ते वाळू देऊन त्याने ठिगळ दाबून बसवले. पुढचा सारा रस्ता आम्ही त्याच्या मागून गेलो.

कणकुंबीस पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. मावशी दारातच उभी होती. “आलासा व्हय रे पोरांनो? संगटच आलासा न्हवं?” तिने विचारले.

“व्हय मावशी, संगटच,” मित्र म्हणाला.

त्या रात्री नाचणीची भाकरी आणि कुळथाची आमटी गोड लागली. परंतु ते दोन शब्द घशाखाली उतरेनात.

सकाळी माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम पाहिला. येथून निघालेले पाणी पूर्वेस सुमारे ३०० किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगमास कृष्णेला मिळते. याच परिसरातले पश्चिमेकडचे ओढे महादयीला मिळतात आणि ती गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रास जाते. तिच्या पाण्यासाठी तीन राज्यांचा वाद झाला. २०१० साली लवाद नेमला गेला व २०१८ साली त्याने निवाडा दिला. हे सारे पुस्तकातून ठाऊक होते. परंतु कुंडातील ते ओंजळभर पाणी पाहताना मनात आले, की कुसमळीच्या पुलाखालची नदी एवढ्याशा पाण्याने झालेली नाही. वाटेतील प्रत्येक ओढ्याने तिला हात दिला आहे.

सायंकाळी घरी परतलो. आईने विचारले, “एकमेकांना सोडून गेला नाहीत ना?”

मित्र उत्तर देण्यासाठी तोंड उघडणार, इतक्यात आम्हीच म्हणालो, “आई, आम्ही गेलो होतो.”

आई काही वेळ बोलली नाही. मग तिने दोघांसाठीही पाने वाढली.

— दहावीतील एक विद्यार्थी