गिटारची नवी दांडी

वाद्यास चुकून पाय लागला तर त्याला हात लावून तो कपाळीं लावावा, अशी आमच्या घरांत रीत आहे. अशा घरांत विजेवर वाजणारी गिटार येऊन राहिली, आणि तीहि पणजोबांच्या वाड्याच्या तुळईंतून कोरलेली, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. जुन्या जालन्यांतील आमचा माळवदी वाडा उतरविला तेव्हां निघालेलें सागवान विकावें कीं ठेवावें, याचा निकाल लागेपर्यंत तें दोन वर्षें अंगणांत पडून होतें. त्यांतील एका तुळईवर आमच्या पुतण्याची नजर होती. तो तेव्हां अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत होता. गांवांतील एका वृद्ध मिस्त्रींकडून त्यानें तिचें गिटारचें धड करविलें. तुळईंत पूर्वींच्या खिळ्यांचीं भोकें होतीं. तीं त्यानें मुद्दाम बुजविलीं नाहींत.

ज्या वाचकांनीं हें वाद्य जवळून पाहिलें नसेल त्यांस एवढें सांगितलें पाहिजे कीं, विजेच्या गिटारचें धड भरीव असतें. सतारीस भोपळा लागतो, कारण तारेचा नाद तेथें घुमून मोठा व्हावयाचा असतो. येथें पोलादी तारांखालीं लोहचुंबकें असून त्यांभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. वरची तार थरथरली कीं त्या वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो व तोच वाढवून कर्ण्यांतून ऐकविला जातो. अमेरिकेंत अशी गिटार १९३२ सालीं बाजारांत आली. तेव्हां धड कोणत्याहि चांगल्या लांकडाचें चालतें. खरी परीक्षा दांडीची. इंग्रज लोक तिला मान म्हणतात. आपल्या सतारकारांचा 'दांडी' हा शब्द मला अधिक पसंत आहे, कारण मान वळते आणि हिनें वळावयाचें नसतें.

मिस्त्रींनीं पहिली दांडीहि त्याच तुळईची केली होती. काम सुबक होतें. पडद्यांचीं अंतरें पुतण्यानें गणितानें काढून दिलीं होतीं. राहिलेल्या लांबीस १७.८१७ नें भागावें, तेवढ्यावर पुढचा पडदा, असें करीत गेलें म्हणजे बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर येतो. एक हिंवाळा गिटार गोड वाजली. मग आमच्याकडचा उन्हाळा आला. वैशाखाच्या अखेरीस तारा मधल्या पडद्यांपासून इतक्या उंच उठल्या कीं दाबतांना बोटें दुखूं लागलीं व स्वर चढे लागूं लागले. दांडी धनुष्यासारखी वांकली होती.

सहा तारांची मिळून ओढ सुमारें ४५ किलोंची असते. ती रात्रंदिवस पेलावयाची, आणि दांडीची जाडी तर जेमतेम २० ते २५ मिलिमीटर. याकरितां पाश्चात्य कारागीर दांडीच्या पोटांत पोलादी सळई घालतात. ती पेंच फिरवून हवी तशी ताणतां येण्याची युक्ति गिब्सन कंपनींतील थॅडियस मॅकह्यू यांनीं काढली. तिचें पेटंट १९२३ सालचें आहे. जालन्याच्या कारखान्यांतून घरबांधणीच्या सळया ट्रकच्या ट्रक भरून बाहेर जातात, आणि त्याच गांवीं झालेल्या या दांडींत मात्र एक बारीक सळई नव्हती! मिस्त्रींना दोष नाहीं. त्यांनीं आयुष्यभर दारें केलीं, आणि दारास कोणी सहा तारा लावीत नाहीं.

आतां काय करावें? मिस्त्रींचें म्हणणें, मागून खोबण पाडून लोखंडी पट्टी बसवूं. पुतण्यास तें पटलें. पट्टीवर त्याचा फार विश्वास होता असें नव्हे. परकी दांडी आणली म्हणजे वाड्याचें लांकूड अर्धें गेलें, असें त्यास वाटे. वाडा उतरविला त्या आठवड्यांत त्याची परीक्षा चालू होती. तो घरीं आला तेव्हां तेथें नुसतें मोकळें आकाश होतें. हें त्यानें आजवर कोणास बोलून दाखविलें नव्हतें. त्या वादांत तें बाहेर आलें.

थोरले बंधू, म्हणजे त्याचे वडील, मध्यें पडतील असें कोणास वाटलें नव्हतें. ते रोज पहांटे तंबोरा घेऊन बसतात आणि गिटारविषयीं आजवर एक अक्षर बोलले नव्हते. त्याचा अर्थ घरांत सर्वांस कळत होता. त्या दिवशीं पानावरून उठतां उठतां ते म्हणाले, "आपल्या तंबोऱ्याची दांडी मूळची आहे असें वाटतें काय तुला? १९७४ सालीं नानांनीं ती मिरजेस नेऊन बदलून आणली. भोपळा तेवढा जुना. मी बरोबर होतों."

"पण बाबा, ती मिरजेची होती. ही अमेरिकन लांकडाची!"

"आणि तुझ्या तारा जालन्याच्या आहेत वाटतें?"

मिरजेची ती यात्रा मीहि लहानपणापासून ऐकत आलों आहें. मनमाडास व पुण्यास गाड्या बदलून, गोधडींत गुंडाळलेला तंबोरा मांडीवर घेऊन नाना गेले होते. मिरजेचीं सतारकारांचीं घराणीं मूळचीं शिकलगारांचीं, म्हणजे हत्यारांस धार लावणाऱ्यांचीं. फरीदसाहेब हे त्यांचे आद्य पुरुष मानले जातात. तलवारींचें काम सुटलें तसे त्यांचे हात वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, तें वृत्त बंधूंनीं कापून तंबोऱ्याच्या गवसणींत ठेवलें आहे.

ठरलें. परंतु दांडी घेणें म्हणजे भाजी घेणें नव्हे. कॅलिफोर्नियांत रेडिओ-दुरुस्तीचें दुकान चालविणारे लिओ फेंडर यांनीं १९५० च्या सुमारास सरसाऐवजीं चार स्क्रूंनीं दांडी धडास जोडण्याची पद्धत रूढ केली. तिचा फायदा आज जगभर सर्वांस मिळतो. बिघडली तर सोडवावी, दुसरी लावावी. मात्र मापें जुळलीं पाहिजेत. पुतण्यानें धड प्रथमपासून फेंडरच्याच मापांनीं करविलें होतें. अटीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी २५.५ इंच, म्हणजे सुमारें ६४८ मिलिमीटर. दांडीच्या टाचेची रुंदी ५६ मिलिमीटर. पहिलें माप चुकलें तर वाद्य जन्माचें बेसूर. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले, ते सरकवितां येतात. गिटारचे लांकडांत ठोकलेले. दोन-तीन रात्री आम्ही काका-पुतणे मोजपट्टी घेऊन बसलों आणि शेवटीं सात हजारांची एक दांडी मागविली. अंग मेपलचें, वरची पट्टी शिसवी, पडदे २२, पोटांत सळई, आणि लांकूड कोरें, कसलेंहि रोगण न दिलेलें.

मेपल हें उत्तर अमेरिकेंतील झाड. त्याच्या रसाची काकवी करून तिकडे धिरड्यांवर घालतात. लांकूड फिकट आणि अतिशय कठीण. शिसवी लांकूड मात्र आपलें. ब्राझीलमधील शिसव दुर्मिळ झाला तेव्हां, १९७० च्या सुमारास, पाश्चात्य गिटारकार दक्षिण भारताच्या शिसवाकडे वळले. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तयार वाद्यांस २०१९ सालीं त्यांतून सूट मिळाली. तेव्हां आपल्याच रानांतील एक फळी सातासमुद्रांपलीकडे जाऊन जालन्यास परत आली असणें अगदीं संभवनीय आहे. पार्सल उघडतांच मातोश्रींनीं ती पट्टी ओळखली. त्यांच्या माहेरच्या पाळण्याचे दांडे शिसवी होते.

दांडी आली ती श्रावणांत. गणेशोत्सवांत पुतण्याच्या मित्रमंडळींचा कार्यक्रम ठरला होता. त्याचा विचार, फवाऱ्याचें तयार रोगण आणून दोन दिवसांत काम उरकावें. बंधूंनीं दांडी हातांत घेतली, गालास लावून पाहिली आणि म्हणाले, "पाऊस उघडल्याशिवाय नाहीं."

हें केवळ वडीलकीचें बोलणें नव्हतें. दांडीस रोगण देतात तें शोभेकरितां, असा समज आहे. तो खरा नव्हे. कोरें मेपल हाताचा घाम व मळ पितें, हवेंतील ओल घेतें आणि सोडतें, आणि या देवघेवींत वांकतें. रोगणानें ती देवघेव मंद होते. परंतु लांकूड ओलसर असतांना रोगण दिलें तर ओल आंतच कोंडते. आणि लाखेचें रोगण तर दमट हवेंत वाळतां वाळतां पांढुरकें पडतें. पुतण्यास हें शास्त्र माझ्यापेक्षां अधिक कळत होतें, म्हणूनच तो अधिक रागावला. तीन दिवस बापलेकांत भाषण नव्हतें. कार्यक्रमास त्यानें मित्राची गिटार मागून नेली. दांडी माडीवर सपाट फळीवर, जुन्या धोतरांत गुंडाळून पडली होती. दर चार-पांच दिवसांनीं बंधू वर जाऊन तिची कूस बदलीत. मीं तें पाहिलें. पुतण्यानेंहि पाहिलें असावें.

कोजागरीनंतर हवा कोरडी झाली आणि काम निघालें. पडद्यांची बाजू कागदी पट्ट्या चिकटवून झांकली, कारण शिसवी लांकडास रोगण लागत नाहीं, तेलाचा हात पुरतो. मग १८० नंबरचा कांचकागद, मग २४०, मग ३२०, नेहमीं रेषांच्या दिशेनें. इतकें झाल्यावर बंधूंनीं ओल्या फडक्यानें सारी दांडी पुसली, तेव्हां पुतण्या ओरडलाच. परंतु पाण्यानें लांकडाचे दबलेले तंतु उभे राहतात. वाळल्यावर ते घांसून काढले म्हणजे पुढें घामानें पुन्हां उठत नाहींत. तंबोऱ्याच्या दांडीवर हेंच पाहिलें होतें, म्हणाले.

रोगण चपडीचें. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जी लाख करतात, ती शुद्ध करून तिचे पातळ पापुद्रे काढतात, ती चपडी. रात्रभर स्पिरिटमध्यें भिजली कीं मधासारखें द्रावण होतें. कापूस मऊ सुती कापडांत बांधून त्याची पुरचुंडी करावी, द्रावणांत टेंकवावी आणि न थांबतां एका हातानें फिरवावी. थांबलें कीं डाग. एक पुट पातळ, इतकें कीं दिलें कीं नाहीं कळूं नये. सकाळीं एक, संध्याकाळीं एक, असे आठ दिवस चाललें. पहिल्या दिवशीं बंधू पुरचुंडी फिरवीत होते, तिसऱ्या दिवसापासून पुतण्या. शेवटीं चकाकी फार आली, ती झिजलेल्या कांचकागदानें मुद्दाम मारली, कारण चकचकीत दांडीवर अंगठा अडखळतो. वहिनींनीं हात फिरवून सांगितलें, "ताकाच्या रवीसारखी झाली आहे." यापेक्षां चांगली परीक्षा मला ठाऊक नाहीं.

जोडणीस मिस्त्री आले. अटीच्या दोन्ही टोकांपासून घोडीपर्यंत त्यांनीं सुतें ताणलीं, दोन्ही कडांस अंतर सारखें दिसेपर्यंत टाच खाचेंत केसभर इकडेतिकडे केली, मग भोकें पाडून स्क्रूंस साबण लावून ते बसविले. जुन्या सागवानांत स्क्रू शिरतांना जो आवाज झाला तो ऐकून मातोश्री बाहेर आल्या. तारा चढविल्यावर सळईचा पेंच एक चतुर्थांश फेरा, मग एक दिवस थांबणें, मग पुन्हां तितकाच. सातव्या पडद्यापाशीं पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट राहीपर्यंत.

जुनी दांडी मिस्त्रींनीं मागितली नाहीं व पुतण्यानें दिली नाहीं. ती माडीवर त्याच धोतरांत आहे. पुतण्या आतां पुण्यास नोकरीवर असतो. गिटार येथेंच ठेवतो, सुट्टींत येऊन वाजवितो. यंदाच्या वैशाखांत हवा इतकी सुकली कीं शिसवी पट्टी किंचित् आक्रसून पडद्यांचीं टोकें कडेस बोंचूं लागलीं. दांडी मात्र सरळ होती. बंधूंनीं अंगठ्यानें कड चांचपली आणि मला आंतून बारीक कानस आणावयास सांगितली.