राणीच्या बागेतील उर्वशी

माघ महिन्यात व्यापाराच्या कामासाठी मुंबईस जाणे झाले. ओझरहून पहाटे निघून नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस धरली. मस्जिद बंदरातील काम लवकर आटोपले. परतीच्या गाडीस अवकाश होता, म्हणून भायखळ्यास मोतीशा शेठांनी उभारलेल्या आदिनाथ मंदिरात दर्शन घेतले व जवळच्या राणीच्या बागेत शिरलो.

१८६२ साली खुली झालेली ही बाग आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते. गर्दी धावते ती पेंग्विन पाहण्यास! माझे पाय मात्र वृक्षांकडे वळले. आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेचा बुंधा कवेत मावेना. कैलासपतीच्या खोडालाच फुले लगडलेली होती.

आणि मग उर्वशी दिसली. कोवळी पाने मलूल होऊन लोंबत होती, जणू वृक्ष नुकताच झोपेतून उठत असावा. त्यांच्यामधून लाल फुलांचे घोस खाली उतरलेले, पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका. हा वृक्ष मूळचा ब्रह्मदेशाचा. १८२० नंतरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिक यांना तो तेथील एका मठाच्या बागेत आढळला. त्याची फुले बुद्धमूर्तीपुढे वाहिलेली होती. गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अॅमहर्स्ट यांच्या नावावरून त्यांनी त्यास शास्त्रीय नाव दिले. विलायती वाड्यांच्या बागांत कॅमेलियाचे जे कौतुक, ते आपल्याकडे उर्वशीचे असावयास हवे. (आपण दुकानात चहा विकतो, तोही कॅमेलियाच्याच कुळातला, हे किती जणांना ठाऊक असेल?)

काही वर्षांपूर्वी या बागेच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा निघाला, तेव्हा जुन्या झाडांसाठी मुंबईच्या काही नागरिकांनी चिकाटीने लढा दिला. त्या सावलीत बसलो असता मला आमच्या वाड्यामागची चिंच आठवली. आजोबांनी लावलेली. नव्या गोदामासाठी ती तोडावयाचे ठरले होते, आणि त्या ठरावास मीही मान डोलावली होती.

रात्री घरी पोहोचताच दादांपुढे विषय काढला. ते प्रथम रागावले. पायाचे दगडही येऊन पडले होते. वहिनी मात्र म्हणाल्या, "भिंत थोडी आत घ्या की!" सध्या नकाशा पुन्हा पसरला आहे. भिंत सहा फूट आत घेतल्यास किती पोती कमी मावतील, याचा हिशेब दादा करीत आहेत.