समुद्राच्या आळ्या

समुद्र एक, पण त्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या आळ्या किती! लाटा मोजणाऱ्यांची एक, क्षार तपासणाऱ्यांची दुसरी, तरंगत्या प्लवकांच्या भक्तांची तिसरी. आणि तळाच्या चिखलातले किडे मोजणाऱ्यांची अगदी गावकुसाकडची! १९६५ साली संपलेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने या मंडळींना एका पंक्तीला बसवले. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. तिचे ठाणे गोव्यात, दोना पावला येथे.

तुम्ही म्हणाल, अंबरनाथकरांना याचे काय? आमचा समुद्र चौपाटीवरच्या भेळेपुरता! पण १०६० सालच्या आमच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरातून काळवंडत जाते आणि कल्याणजवळ बदलापूरहून आलेल्या उल्हास नदीला मिळते. उल्हास पुढे वसईच्या खाडीत. आमच्या मोरीचा निरोप समुद्राला रोज पोचतो तो असा.

तो वाचतात चिखलवाले. पाणी भरती-ओहोटीबरोबर हलते. गाळात मात्र दोष साठून राहतो. नाजूक जीव नाहीसे होऊन मोजक्या चिवट कृमींचीच गर्दी झाली, की दुखणे कळते. पण त्याचे कारण सांगायला कृमी ओळखणारा, धातू मोजणारा आणि भरतीचे गणित जाणणारा असे तिघेही लागतात.

परवा पाहुण्यांना मंदिर दाखवायला नेले. वालधुनीपाशी त्यांनी नाकाला रुमाल लावला. मी म्हटले, “ही आमची समुद्राकडे जायची वाट.”

ते हसले. मला मात्र हसू आले नाही.