शिवू नका

फराळाचे डबे भरून फळीवर जातात न जातात, तोच आमच्या किनाऱ्यावर पाहुणे उतरू लागतात. करड्या पाठीचे, लाल चोचीचे, अंगाने भरलेले कुरव. हल्लीची मुले त्यांना सीगलच म्हणतात. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव रंगात आला की होड्यांवर त्यांचा असा काही कल्ला चालतो, की बोली कोण लावतो आहे, कोळी की कुरव, तेच कळू नये! यांतले तपकिरी डोक्याचे कुरव जन्मतात तिबेट-लडाखकडच्या उंच सरोवरांकाठी, आणि थंडी काढायला येतात आमच्याकडे. बहिणीने भाऊबीजेला यावे तसे, दरसाल, न चुकता.

मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा मास्तराचा, आणि वेळ उरला तर कादंबऱ्या लिहायची खोड. पण समुद्रकाठच्या मास्तराची पाखरांपासून सुटका नसते. मुले ती होऊ देत नाहीत. एकदा पुळणीवर बसलेल्या कुरवाच्या चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबकळत होता. पाखराने मान झटकली, थेंब उडाला. घटकाभरात दुसरा आला. चौथीतला एक पोरगा गंभीरपणे म्हणाला, "गुरुजी, ह्याला पडसं झालंय."

ते पडसे नव्हते. ते मीठ होते. समुद्रावर जगणाऱ्या पाखराला प्यायलाही खारेच पाणी. एवढे मीठ पोटात साठले तर तो मरेल. म्हणून त्याच्या डोळ्यांच्या वर, कवटीला लागून, मिठाच्या ग्रंथी असतात. त्या रक्तातले जादा मीठ वेचून काढतात आणि नाकपुड्यांवाटे त्याचे दाट खारे पाणी चोचीवरून टपकते. समुद्र पिऊन मीठ शिंकरणारा प्राणी! मुले इतकी खूश झाली की आठवडाभर वर्गात ज्याचे नाक वाहील तो कुरव ठरला.

गंमत अशी, की दिसायला आजारी ते पाखरू धडधाकट असते, आणि खरा आजारी दिसतच नाही. रानातले पाखरू आपले दुखणे शेवटपर्यंत झाकून ठेवते. दुबळे दिसले की घार आलीच. आजारीपण दाखवणे ही चैन आहे. घरात राहणाऱ्याला ती परवडते. त्यातून समुद्रपक्षी आयुष्य काढतात पाण्यावर. ते आपल्याला भेटतात ते सगळे उपाय हरल्यावरच. आषाढात वारा पिसाळला की एखादा मास्क्ड बूबी आमच्या पुळणीवर येऊन पडतो. तो बहुधा उपाशी आणि थकलेला असतो. लोक कळवळून त्याला पुन्हा लाटांत ढकलतात. भिजलेल्या, दमलेल्या जिवाला पाण्यात लोटणे म्हणजे बुडवणेच. पण हेतू शुद्ध असतो, रागवायचे कुणावर?

आता सणाच्या दिवसांत मरणाच्या गोष्टी काढतो आहे, याची क्षमा असावी. पण घरी आलेल्या पाहुण्याच्या माहेरची खबर घ्यायला हवी. २००५ साली चीनमधल्या छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने सहा हजारांवर पाखरे मेली. मानेवर पट्टे असलेले हंसबदक होते, पाणकावळे होते आणि आमचे तपकिरी डोक्याचे कुरवही होते. रानपाखरांत हा ताप अगदीच नवा नव्हता. १९६१ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हजाराहून अधिक सुरय मेले, तेव्हा त्याची पहिली नोंद झाली होती. पण ती आग लागली तशी विझली. आताची विझेना.

स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या पूर्वेला समुद्रात बास रॉक नावाचा एक खडक आहे. गॅनेट नावाच्या पांढऱ्याशुभ्र पाखरांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक तिथे. २०१४च्या मोजणीत ७५ हजारांवर जोड्या भरल्या होत्या. मुंबईतल्या चाळीसारखी दाटी. शेजाऱ्याची चोच पोचणार नाही एवढेच काय ते अंतर. २०२२च्या उन्हाळ्यात तिथे हा रोग शिरला. पुढच्या वर्षी मोजले तेव्हा भरल्या जागा उरल्या सुमारे ५२ हजार. गॅनेट पाचेक वर्षांचा झाल्यावर संसार मांडतो आणि वर्षाकाठी एकच अंडे घालतो. हा खड्डा भरायचा कधी? पण मला आकड्यांहून अधिक अस्वस्थ केले ते एका बारीक गोष्टीने. गॅनेटचा डोळा फिकट निळा असतो. वाचलेल्यांपैकी काहींचे डोळे काळे झाले. रक्त तपासले तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना रोग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. मरणाच्या दारात जाऊन आलेले पाखरू डोळ्यांवरून ओळखू यावे! मी कादंबरीत असे लिहिले असते तर संपादकांनी ते खोडले असते.

आमच्याकडे तो आला जानेवारी २०२१ मध्ये. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, आणि दापोलीच्या मेलेल्या कावळ्यांतही तो सापडल्याचे जाहीर झाले. आधीच करोनाने शाळेला कुलूप होते. मुले माझ्या पडवीत तोंडाला फडकी बांधून लांब लांब बसत. त्यांना मला सांगावे लागले: मेलेल्या, पडलेल्या पाखराला शिवू नका.

हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघाले नाही. मराठीत या 'शिवणे' शब्दाने फार पापे केली आहेत. माणसाने माणसाला शिवू नये म्हणून गावांना वेगळ्या विहिरी खणायला लावल्या. बायकांना महिन्याचे चार दिवस बाजूला बसवले आणि वर 'कावळा शिवला' म्हणून कावळ्याला बदनाम केले. तोच कावळा दहाव्याला पिंडाला शिवावा म्हणून नदीकाठी हात जोडून उभे राहिलो. हा शब्द माझ्या वर्गात मी येऊ देत नसे. पडलेल्याला हात द्या, हेच इतकी वर्षे शिकवले. आणि आता तोच मास्तर, त्याच मुलांना, नेमके उलटे सांगत होता. कारण साधे होते: या रोगाची लागण विष्ठेतून होते, लाळेतून होते, कोंबड्यांना होते आणि क्वचित माणसालाही.

बरे, प्रत्येक वेळी हात आखडता घेणे हेच शहाणपण असेही नाही. २०१९ साली राजस्थानच्या सांभर सरोवरावर १८ हजारांहून अधिक पाखरे मेली, त्यांत चिखलात चरणारी चिमुकली पाणपाखरेही होती. तो होता बॉट्युलिझम. मेलेल्या पाखरात विष तयार होते, त्यावरच्या अळ्यांत उतरते, त्या अळ्या खाऊन दुसरे पाखरू लुळे पडते. तिथे उपाय एकच: मेलेली पाखरे भराभर उचलणे. लोकांनी हातमोजे घालून ती उचलली. लुळी पडलेली काही शुश्रूषेने उडालीही.

त्याच जानेवारीत एका संध्याकाळी सातवीतली एक मुलगी धावत आली. भरतीच्या रेषेवर एक कुरव बसला होता. मान वाकडी, पाय धरत नव्हते आणि भोवती कुत्री. तिने घरून कोंबड्या झाकायचे डालगे आणून लांबूनच त्याच्यावर पालथे घातले होते. "गुरुजी, मी शिवले नाही," ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

दिवेलागणीपर्यंत आम्ही दहा हातांवर बसून कुत्री हाकलली. आत पिसांची खसफस होई, मग थांबे. सकाळी तो मेलेला होता. पशुवैद्यकीय दवाखान्यातून माणूस आला, हातमोजे चढवून त्याने खोल खड्ड्यात, चुन्याखाली त्याला पुरले. रोग कोणता ते वाकड्या मानेवरून सांगता येत नाही. म्हणून त्याने डालग्याकडे बोट दाखवून ते जाळायला सांगितले. ते परत कोंबड्यांवर जाता कामा नये.

मुलीची आई दुपारी पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. अकरा कोंबड्या; त्यांच्या अंड्यांवर घरातले तेल-मीठ चालते. ती मुलीला रागावली नाही. मला म्हणाली, "गुरुजी, डालगं जाळलं. पण एक सांगा, हा आजार त्या पाखरांनी आमच्या कोंबड्यांना दिला, का कोंबड्यांनी पाखरांना?"

मी तिला खरे ते सांगितले. हा जो आताचा विषाणू आहे, त्याचा पूर्वज १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सापडला तो पाळलेल्या हंसात. माणसाने दाटीवाटीने कोंडलेल्या पाखरांत तो माजला आणि तिथून रानपाखरांत गेला. त्यांनी मग तो दूरदूर नेला. २०२३ साली तो अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या साउथ जॉर्जिया बेटापर्यंत पोचला.

"म्हंजे पाहुण्याला आपणच दिला," ती म्हणाली, "आणि आता त्यालाच हाकलायचा." मग पदर खोचून निघताना वळली. "रात्री कोंबड्या कुठं झाकू, तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी दापोलीच्या बाजारातून नवे डालगे आणले. कोंबड्यांना ते पसंत पडायला चार दिवस लागले.