बाहेरची केबल सगळ्यांत शेवटी

मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात नवा राउटर बसवायला गेलो, तेव्हा मालकांना एकच घाई होती. "साहेब, पहेलां नेट चालु करी आपो ने, पासवर्ड-बासवर्ड पछी." बडोद्यात हे मला सारखं ऐकावं लागतं आणि दर वेळी मी हात जोडून नाही म्हणतो. बाहेरची केबल सगळ्यांत शेवटी. तोवर राउटर जगाला दिसताच कामा नये.

2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कंपन्यांनी घालून दिलेली साठेक नावं-पासवर्ड टेलनेटवर, म्हणजे लांबून लॉगिन करायच्या जुन्या वाटेवर, आजमावत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या जोरावर साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते, त्यांना याचा पत्ताही नव्हता.

म्हणून आधी कन्सोल केबल लॅपटॉपला जोडली. राउटरला नाव दिलं, डोमेन दिलं, 2048 बिटांची किल्ली तयार केली, आमचा युजर बनवला. मग टेलनेट बंद. टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो. वाटेत कुणीही वाचावा. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात अशीच पासवर्डचोरी झाल्यावर 1995 साली टाटू यलोनेन यांनी पासवर्ड झाकून पाठवणारं एसएसएच लिहिलं, आणि आज आमचं सगळं काम त्यावर चालतं. राउटरचं वेब पान बंद केलं. बाहेरून लॉगिन फक्त दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसच्या पत्त्यावरून, असा नियम घातला.

आता ज्या पायरीला बहुतेक जण न वाचताच 'येस' टाइप करतात, ती. एसएसएचने पहिल्यांदा आत शिरताना समोरचं उपकरण आपल्या किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे आपली ओळख, दाखवतं. लॅपटॉप थेट राउटरला जोडून मी तो पाहिला, कारण हातभर केबलच्या मध्ये दुसरं कुणी असूच शकत नव्हतं, आणि वहीत उतरवला. मग बाहेरची केबल लावली आणि ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोन करून तिथून एसएसएचने आत यायला सांगितलं.

"वाच."

"मोठा के, लहान झेड, सात, तिरपी रेघ... दादा, सगळा वाचू?"

"सगळा."

त्रेचाळीस अक्षरं जुळली, तेव्हाच त्याला पासवर्ड टाकू दिला. लांबून नियम बदलण्याआधी त्याने 'रिलोड इन 10' दिलं: बदल सेव्ह न करता तपासायचा, स्वतःच बाहेर अडकलो तर दहा मिनिटांत राउटर जुन्या सेटिंगवर परत येतो. जुनं सेशन तसंच ठेवून त्याने दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहिलं, मग रिलोड रद्द करून सेव्ह केलं. या कामात एवढी सावधगिरी मला जास्त वाटत नाही. नाहीतर रात्री मकरपुऱ्याला धाव ठरलेली.

चहा आला तोवर लॉगमध्ये नाकारलेल्या प्रयत्नांच्या ओळी चढायला लागल्या होत्या. कुठकुठले अनोळखी पत्ते, आणि बहुतेकांचा रोख 23 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे टेलनेटवर. मालकांना स्क्रीनसमोर बसवलं.

"आ बधा कोण छे?"

"माणसं नाहीत, शेठ. बहुतेक मशिनंच. दार उघडं आहे का बघत सगळीकडे फिरत असतात."

ते थोडा वेळ ओळी वाचत राहिले. मग उठून त्यांनी केबिनमधल्या कपाटावरच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरकडे बोट दाखवलं. पासवर्ड त्याच्या पाठच्या स्टिकरवर छापलेलाच होता. चहा तसाच ठेवून आम्ही तो खाली उतरवला.