वेडेलिया आणि आज्जीची अबोली

आमच्या बेळगावच्या घरामागं लाल मातीचा उतार आहे. पावसाळ्यात ती माती वाहून थेट धुणं धुवायच्या दगडापर्यंत यायची. लॉनला उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार? म्हणून दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी वेडेलियाच्या फांद्या आणून लावल्या. रस्त्याच्या दुभाजकावर जमिनीलगत पसरलेली पिवळी फुलं दिसतात ना, तीच. वीतभर फांदी, दोन पेरं मातीत, झालं काम!

आज्जी म्हणाली, "माका लावलास होय रे? बरं झालं, तेल करूया." मग पान चुरगळून वास घेतला. "हा आपला नव्हं," म्हणून टाकून दिलं. ती अगदीच चुकली नव्हती. आपला पिवळा माका याचाच भाऊबंद. हा मात्र मूळचा मेक्सिको, कॅरिबियन बेटं, दक्षिण अमेरिका इकडचा.

दसऱ्यापर्यंत उतार झाकून गेला. टोपलीभरसुद्धा माती खाली आली नाही. मी फोटो काढून स्टेटसला लावला.

पुढच्या पावसात वेडेलिया खाली उतरला. खाली आज्जीची अबोली होती, खानापूरकडच्या माहेराहून आणलेल्या बियांची. (अबोलीच्या वाळल्या शेंगेवर पाणी पडलं की ती टचकन फुटते. लहानपणी आम्ही थुंकी लावून फोडायचो.) माझी परीक्षा होती, तिकडं फिरकलोच नाही. गेलो तेव्हा ११ झाडांपैकी तीनच डोकं वर काढून होती.

उपटायला बसलो तर प्रत्येक पेराला मूळ. तुटलेला तुकडा ओल्या मातीत राहिला की पुन्हा फुटतोच. उकिरड्यावर टाकलेलं तिथंच फुललं. मग वाचलं, की जगातल्या सर्वात उपद्रवी १०० परक्या जीवांच्या आययूसीएनच्या यादीत याचं नाव आहे. पण रोप आणताना वाचतंय कोण?

"सगळं काढून टाकतो," मी म्हटलं.

"आणि माती कोण धरणार? तू?"

म्हणून उतारावर ठेवलंय. खाली चिऱ्यांची ओळ लावली. दर रविवारी मी कात्री घेऊन बसतो, ओळ ओलांडलेलं कापतो आणि फरशीवर कडकडीत वाळवूनच टाकतो.

यंदा आज्जीनं एकही गजरा केला नाही. तिन्ही झाडांची फुलं तशीच ठेवली आहेत, बी धरायला.